सवाल सुरांचे : हायडनचे रिकामे बार

गेल्या अंकात मी एका वाक्यात लिहून मोकळा झालो होतो, की सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी, साधारण चार भागांची रचना, ऐकायची गोडी लावून घ्यायची असेल तर बेथोव्हनच्या आधी हायडनकडे जा. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बरीचशी कुतूहलाची, काही गोंधळलेली, एक चांगलंच तडकलेलं. तेव्हा या वेळचं सदर सगळं हायडनलाच, अठराव्या शतकातल्या या ऑस्ट्रियन संगीतकाराला, देतो.

नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी संगीताचा पंडित वगैरे नाही. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत सिटिंगला आणि अधूनमधून कॉन्सर्टच्या मंचावर डबल बेस, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं, खर्जातलं वाद्य, वाजवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मागची रांग, उंच स्टूल आणि समोर सगळ्यांच्या पाठी. माझी उत्तरंही त्याच जागेवरून दिलेली असतात.

मी निवृत्त बँक अधिकारी. जन्मभर खयाल ऐकत आलो. मुलगी म्युनिकला असते, तिने माझ्या पंचाहत्तरीला हायडनच्या सगळ्या सिंफन्यांचा संच पाठवला. क्रमांक एकपासून शिस्तीत ऐकायला घेतलं. डझनभर ऐकून झाल्या, पण खरं सांगायचं तर सगळ्या सारख्याच वाटतात. माझ्या कानात काही कमी आहे का? – एक वाचक, सांगली

कान तुमचा उत्तम आहे, गडबड त्या शिस्तीत आहे. १ ते १०४ हे क्रमांक हायडनने घातलेले नाहीत. मांडीचेव्स्की नावाच्या व्हिएन्नातल्या अभ्यासकाने १९०७च्या सुमारास, तेव्हा हाती असलेल्या माहितीवरून ते लावले. पुढे आणखी दोन सिंफन्या त्याच्याच निघाल्या, त्यांना 'ए' आणि 'बी' म्हणतात. म्हणजे एकूण १०६. क्रमही पक्का नाही. ७२ क्रमांकाची सिंफनी तिच्या शेजारणींपेक्षा कितीतरी आधीची आहे. बँकेत जुन्या खात्यांना नवे नंबर पडले की काय होतं ते तुम्हाला मी काय सांगावं!

शिवाय या सिंफन्या ओळीने ऐकण्यासाठी लिहिलेल्याच नाहीत. हायडन एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याच्या पदरी होता. १७६१पासून जवळजवळ तीस वर्षं. आज महालात मैफल आहे, नवं काहीतरी हवं, की लिही. सुरुवातीला हाताशी पंधराएक वादक. तुम्ही ऐकलेल्या डझनात ६, ७ आणि ८ येतात, 'सकाळ', 'दुपार' आणि 'संध्याकाळ'. नव्या नोकरीतलं पहिलंच वर्ष, तेव्हा गड्याने वादकांना खूश करायला जवळपास प्रत्येकाला एकट्याने वाजवायची जागा दिली आहे. तिन्हींच्या मिन्युएटमध्ये, म्हणजे नाचाच्या चालीच्या भागात, अगदी मध्यावर, चक्क डबल बेसला सोलो आहे. डबल बेसला! त्या तीन परत ऐका, माझ्यासाठी.

पण सुरुवात तिथून नको. संच बाजूला ठेवा, ९४ क्रमांकाची काढा आणि तिचाही फक्त दुसरा भाग लावा. जेमतेम सहा मिनिटांचा आहे. धून तुम्हाला सरगमीत देतो. 'सासा गग पप ग, मम रेरे निनि प', यातले शेवटचे नि आणि प मंद्रातले. मग पुन्हा 'सासा गग पप ग', आणि उत्तरार्धात वरच्या सा वरून तीव्र मध्यम घेऊन प वर. संपलं. बालवाडीतल्या पोराला म्हणता येईल इतकं सोपं. आठ बार, म्हणजे मात्रांचे आठ खण. तेच आठ बार पुन्हा, या वेळी आणखी हलक्या आवाजात, खालच्या तंतुवाद्यांच्या तारा गजाने न घासता बोटाने छेडून. सभागृहात लोक कान पुढे करतात. आणि सोळाव्या बारात, त्या शेवटच्या प ला लागूनच, अख्खा ऑर्केस्ट्रा टिंपनी या नगाऱ्यांसकट दाणकन आदळतो.

ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. लंडनच्या डुलक्या घेणाऱ्या बायकांना जागं करायला हायडनने हे केलं, असं सांगतात. हायडनने म्हातारपणी आपल्या चरित्रकाराला सांगितलं ते वेगळंच होतं. त्याचाच शिष्य प्लेएल याला लंडनच्या दुसऱ्या एका कॉन्सर्ट मंडळींनी मुद्दाम त्याच्यासमोर उभा केला होता. शिष्याने बाजी मारू नये म्हणून त्याला काहीतरी नवं हवं होतं. २३ मार्च १७९२ला ही सिंफनी पहिल्यांदा वाजली तेव्हा हायडनच्या साठीला आठ दिवस कमी होते. त्या वयात असला खोडसाळपणा!

आता खरी गंमत. तो दणका पुन्हा येतच नाही. पुढचा सगळा वेळ तुम्ही सावरून बसलेले असता, आता पडेल, मग पडेल. धून रूपं बदलत जाते. मध्येच कोमल गंधाराच्या अंगाने गंभीर होऊन गरजते. ओबो या सनईच्या जातीच्या वाद्याकडे जाते, बासरीकडे जाते. दणका नाही तो नाहीच. शेवटी ओबो आणि 'बसून' हे खर्जातलं फुंकवाद्य तीच बाळबोध धून हळूच काढतात, पण खाली तंतुवाद्यांनी असे अधांतरी स्वर धरलेले असतात की ओळखीचं माणूस परक्या घरात भेटावं तसं होतं. खयाल ऐकताना समेची वाट पाहणारा तुमचा कान आहे, त्याच कानाच्या भरवशावर हायडन हा सगळा खेळ मांडतो. ज्याला वाट पाहता येत नाही त्याला हायडन सपाट वाटणारच. तुम्हाला वाटायचं कारण नाही.

तेव्हा एका वेळी एकच भाग, आणि तोच तीन-चार वेळा. धून तोंडात बसली की पुढे सरका. ९४ झाली की ८८, मग १०४, मग ४५. नव्वदीच्या पुढच्या बहुतेक लंडनसाठी लिहिलेल्या आहेत आणि मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी आहेत, त्या लवकर पकड घेतात. आणि ही धून हायडनला स्वतःलाच इतकी आवडली की पुढे १८०१च्या 'ऋतू' या मोठ्या गायनकृतीत शेत नांगरणारा शेतकरी हीच शीळ घालत चालतो.

काका, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. आम्ही चौघं मित्र मुंबईला एनसीपीएत सिंफनी ऐकायला जाणार आहोत. पहिलीच वेळ. टाळ्या कधी वाजवायच्या? चुकीच्या जागी वाजवल्या तर लोक वळून बघतात म्हणे. – एक विद्यार्थी

बघतात. बघू देत.

सिंफनीत साधारण चार भाग असतात आणि मध्ये थोडी शांतता असते. आजचा रिवाज असा की टाळ्या चौथ्या भागानंतर. कंडक्टरचे हात पूर्ण खाली आले, तो वळला, की वाजव. तोपर्यंत हात मांडीवर. एवढं पाळलंस की झालं.

पण हा रिवाज हायडनच्या काळचा नव्हे, हे तुझ्या शेजारी बसलेल्या शिष्ट गृहस्थांना खुशाल सांग. लंडनमध्ये लोक भाग संपला की टाळ्या वाजवायचे, आवडला तर परत वाजवायला लावायचे. १०० क्रमांकाची 'मिलिटरी' सिंफनी १७९४मध्ये वाजली तेव्हा दुसऱ्या भागाला 'वन्स मोअर'चा असा गलका झाला की वर्तमानपत्रात त्याचं वर्णन छापून आलं. त्या भागात संथ चाललेल्या धुनेत एकदम झांजा, ट्रँगल आणि मोठा ढोल घुसतो, तुर्की फौजेच्या बँडचा थाट. आपल्याकडे नाटकात पदाला वन्स मोअर घ्यायचे तसलाच मामला.

आणि टाळ्या वाजवणाऱ्याची फजिती व्हावी म्हणून हायडनने एक सिंफनीच लिहून ठेवली आहे. ९० क्रमांकाची. शेवटचा भाग जोरात धावत येतो, ठणठणीत आवाजात समाप्ती होते, एकही शंका उरत नाही. लोक टाळ्या वाजवतात. कागदावर मात्र चार बारांची रेस्ट, म्हणजे काहीच न वाजवायची जागा, असते. ती संपली की ऑर्केस्ट्रा हळूच पुन्हा सुरू होतो, तेही 'सा' सोडून कोमल 'रे'ला सा मानून. त्याहून कहर म्हणजे हा उत्तरार्ध पुन्हा वाजवायची खूण लिहिलेली आहे. कंडक्टर जर ती पाळणारा असला तर एकाच संध्याकाळी एकच सभागृह दोनदा फसतं.

मंचावर हे चार बार कसे जातात ते सांगतो, कारण खाली बसून ते कळत नाही. वाजवण्यात काही कठीण नसतं, न वाजवण्यात असतं. डबल बेसच्या चार तारा नुकत्याच घुमलेल्या असतात, त्या डाव्या तळव्याने दाबून गप्प करायच्या. गज तारेवरून उचलायचा, पण हात सैल सोडायचा, म्हणजे समोरच्याला वाटावं की संपलं. आणि आत मोजायचं. एक दोन, दोन दोन, तीन दोन. टाळ्यांच्या आवाजात आपलाच आकडा हरवतो. कंडक्टर मुद्दाम बोट हलवत नाही. काही जण तर रुमाल काढून घाम पुसायचं नाटक करतात. या सगळ्यात एखादा वादक अर्धा ठोका आधी घुसला की विनोद ठार.

तुमच्या कार्यक्रमाला मुंबईचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया असेल तर जरा लवकर पोचा. २००६ साली सुरू झालेला हा देशातला व्यावसायिक ऑर्केस्ट्रा, मोसमात ठरावीक आठवडेच वाजवतो. कार्यक्रमाआधी वादक स्वर लावत असतात ते बघ. ओबो एक 'ए' धरतो आणि सगळे त्याला मिळतात. आणि ६० क्रमांकाची सिंफनी कधी कार्यक्रमात दिसली तर सोडू नकोस. एका विसरभोळ्या माणसाच्या नाटकासाठी हे संगीत लिहिलं होतं, १७७४च्या आसपास. त्याच्या शेवटच्या भागात सगळे तुफान वेगाने निघतात आणि चार पावलांवर थांबतात. का, तर व्हायोलिनवाल्यांना आठवतं की आपण तार लावायलाच विसरलो! मग भर कार्यक्रमात, लिहिलेल्या नोटेशनप्रमाणे, ते तारा लावतात. सगळ्यात खालची तार खाली उतरलेली असते, ती खुंटी पिळून वर आणतात. मग पुन्हा सुसाट.

आमच्या शाळेत आठवीच्या मुलांना मी 'निरोपाची सिंफनी' ही गोष्ट सांगते. वादक एकेक करून मेणबत्ती विझवून निघून जातात ती. मुलं विचारतात, बाई, हे खरंच झालं का? – एक शिक्षिका, चिपळूण

बाई, बिनधास्त सांगा. गोष्ट खुद्द हायडनने उतारवयात आपल्या चरित्रकारांना सांगितलेली आहे. मेणबत्त्यांचा तपशील थोडा इकडेतिकडे होतो, पण नोटेशनमध्ये वादक एकेक करून गप्प होतात हे पांढऱ्यावर काळं आहे.

मुलांना जागा नीट समजावून सांगा, म्हणजे गोष्ट जिवंत होईल. निकोलाउस एस्टरहाझी या राजपुत्राने हंगेरीत, एका मोठ्या सरोवराजवळच्या दलदलीच्या मुलखात, एस्टरहाझा नावाचा प्रचंड महाल बांधला. नाट्यगृह, बाहुल्यांचं नाट्यगृह, बागा. उन्हाळाभर राजपुत्र तिथे, म्हणून वादकही तिथे. पण जागा अपुरी, त्यामुळे वादकांनी बायकापोरं आणायची नाहीत असा हुकूम होता. हायडनसारख्या मोजक्यांना सूट. बाकीच्यांची घरं आयझेनश्टाटला, एका दिवसाच्या अंतरावर. १७७२ साली राजपुत्राचा मुक्काम लांबत गेला. वादक हायडनकडे आले, काहीतरी करा म्हणाले. अर्ज केला असता तर अर्जाचं काय झालं असतं हे कोकणातल्या माणसाला समजावायला नको.

हायडनने अर्ज संगीतातून केला. सिंफनी 'एफ शार्प मायनर'मध्ये, म्हणजे त्या काळी कोणी सहसा हात न लावणाऱ्या पट्टीत. तेव्हाच्या हॉर्नला आजच्यासारख्या कळा नव्हत्या, पट्टी बदलायची तर पितळी नळीचा वेगळा तुकडा जोडावा लागे, आणि या पट्टीचा तुकडा त्यांच्याकडे नव्हताच. म्हणून ऑक्टोबर १७७२मध्ये खास अर्ध्या स्वराचे तुकडे बनवून घेतले, आणि त्याचं बिल एस्टरहाझींच्या दप्तरात राहिलं. मला तर ही गोष्ट मेणबत्त्यांपेक्षा जास्त आवडते. ज्या मालकाला सुट्टीसाठी चिमटा काढायचा, त्याच्याच खर्चाने चिमटा बनवून घेतला!

शेवटचा भाग रागारागाने धावतो आणि मध्येच थांबतो. सगळ्यांना वाटतं संपलं. पण संथ सूर सुरू होतो. पहिला ओबो आणि दुसरा हॉर्न एक छोटं वाक्य वाजवतात, उठतात, जातात. मग 'बसून'वाला. मग दुसरा ओबो आणि पहिला हॉर्न. त्यानंतर डबल बेस. जाण्याआधी त्याला एकट्याला बऱ्यापैकी धावपळीचा तुकडा दिलेला आहे. एरवी आम्हाला कोण विचारतं! मग चेलो, मग बाकीचे व्हायोलिनवाले, मग व्हायोला. शेवटी दोन व्हायोलिनं उरतात, आवाज दाबणारं म्यूट लावून. एक हायडन आणि दुसरा त्याचा मुख्य व्हायोलिनवादक तोमासिनी. राजपुत्र म्हणाला, सगळेच चालले म्हणजे आपणही निघायला हवं. दुसऱ्या दिवशी सामानाची बांधाबांध.

मुलांकडून हे करून घ्यायचं असेल तर वाद्यं नकोत. वर्गात सगळ्यांनी मिळून एकच ओवी किंवा बडबडगीत गुणगुणायचं आणि एकेकाने गप्प होऊन दाराबाहेर जायचं. शेवटची दोन मुलं ठरवताना मात्र ज्यांना सूर धरता येतो अशी निवडा, आणि दार करकरणारं नको.

मी तबला शिकवतो. सिंफनी ऐकताना मला आवर्तन सापडत नाही. ताल कुठे आहे? की तो नसतोच? – एक वाचक, ठाणे

मात्रा असतात, आवर्तन नसतं. बार म्हणजे दोन, तीन किंवा चार मात्रांचा खण. पण दहा किंवा सोळा मात्रांनी फिरून समेवर यायचं असं बंधन नसतं. मग श्रोत्याला घर कुठे आहे हे कशावरून कळतं? पट्टीवरून. सुरुवातीला सा ठरतो, मग संगीत तो सा सोडून पंचमाला सा मानायला लागतं, मग आणखी दूर भटकतं, आणि शेवटी घरी येतं. तुमची सम म्हणाल तर ती अशी, एका भागात एकदाच, दहा मिनिटांनी.

यासाठी १०४ घ्या, हायडनची शेवटची, १७९५ची. पहिल्या भागाची प्रस्तावना गंभीर आहे, सगळा ऑर्केस्ट्रा सा आणि प यांवर थांबून थांबून उभा राहतो. मग लखकन मुख्य धून येते. तिच्या तिसऱ्या-चौथ्या बारात एकाच स्वराचे लागोपाठ ठोके आहेत, तेवढे लक्षात ठेवा. बाकी विसरलात तरी चालेल. पुस्तकं सांगतात की पंचमाच्या पट्टीत गेल्यावर दुसरी, वेगळी धून यावी. हायडन तिथे पुन्हा तीच धून टाकतो. माणूस काटकसरी, चाकं बनवणाऱ्या सुताराचा मुलगा, एका लाकडातून सगळं काढणारा. आणि मधल्या भटकंतीच्या भागात तर ते एकस्वरी ठोकेच सगळीकडे ऐकू येतात, कधी व्हायोलिनात, कधी खाली आमच्याकडे. तबलजी एखाद्या कायद्यातला एकच बोल उचलून पलट्यांमागून पलटे काढतो तेव्हा जो आनंद तुम्हाला होतो तोच इथे मिळेल.

पण तुम्हाला खरी मेजवानी आहे ती तिसऱ्या भागात, मिन्युएटमध्ये. हा नाचाचा प्रकार, तीन मात्रांचा, जोर पहिल्या मात्रेवर हवा. हायडन जोर टाकतो तिसऱ्या मात्रेवर. पुन:पुन्हा. पाय टाकू बघणारा माणूस अडखळलाच पाहिजे. मग शेवटाकडे येता येता अचानक दोन बार काहीच नाही. सहा मात्रा कोऱ्या. त्यानंतर एक बारीक थरथरता ट्रिल, आणि मग कुठे गाडी पुन्हा रुळावर. टाळी-खाली हाताने धरून ऐका. त्या सहा मात्रांत हात चालू ठेवलात आणि ट्रिल तुमच्या हिशोबाप्रमाणे आला, तर समजा हायडन तुम्हाला पावला.

चौथ्या भागात खाली सा घुमत राहतो आणि वर एक गावरान धून नाचते. काही म्हणतात ती क्रोएशियन लोकांची, काही म्हणतात लंडनच्या फेरीवाल्याची आरोळी. मला त्या वादात रस नाही. तो सा धरायचं काम आमचं असतं आणि ते छान वाटतं.

आपल्याकडे एवढी थोर गायकी असताना मराठी मासिकाची पानं गोऱ्या दरबारी लोकांच्या करमणुकीवर का खर्च करता? गुलामगिरी अजून गेली नाही म्हणायची. – एक संतप्त वाचक

पत्र छापलं आहे, तेवढंच मनावर घेऊ नका.

तुम्ही ज्या मराठी-हिंदी चित्रपटगीतांवर वाढलात त्यांच्या मागची व्हायोलिनं कुठून आली? नोटेशन वाचणाऱ्या गोव्याच्या लोकांनी वाजवली. चर्चच्या शाळेत ते हायडन-मोझार्ट वाचत मोठे झाले होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक. प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणारे. त्यांनी १९५८मध्ये मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून रागांवर बेतलेलं संगीत पन्नासांहून अधिक वादकांकडून वाजवून घेतलं, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. त्याच्याही आधी १९३५मध्ये मेहली मेहतांनी, झुबिन मेहतांच्या वडिलांनी, बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता. हे सगळं तुमच्या-आमच्या गावात घडलेलं आहे. आणि दरबारी करमणूक म्हणाल तर आपली गायकी कुणाच्या वाड्यावर पोसली गेली? कोल्हापूर, बडोदा, इचलकरंजी, मिरज. हायडन तर दरबारात गणवेश घालून उभा राहायचा.

मी बेंगळुरूला असते. ऑफिसला जाताना मेट्रोत फोनवर ऐकते. कोणाचं रेकॉर्डिंग घ्यावं? जुन्या वाद्यांवरचं चांगलं की आजच्या? – एक वाचिका

सर्वांत आधी, फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात माझं वाद्यच ऐकू येत नाही. इयरफोन चालतील. मेट्रोच्या घरघरीत ९४चा मऊ भाग तुम्ही आवाज वाढवून ऐकणार आणि मग दणका कानाचा पडदा हलवणार, तेवढं सांभाळा.

आंताल दोराती हे माझं पहिलं नाव. त्यांनी १९६९ ते १९७२ या काळात फिलहार्मोनिया हंगारिकाबरोबर हायडनच्या सगळ्या सिंफन्या ध्वनिमुद्रित केल्या. हा ऑर्केस्ट्रा १९५६च्या उठावानंतर हंगेरीतून पळून आलेल्या वादकांनी बांधलेला, जर्मनीतल्या मार्ल नावाच्या खाणकामगारांच्या गावात त्यांचा मुक्काम होता. घरापासून दुरावलेल्या हंगेरियन वादकांनी ४५ वाजवलेली आहे, हे लक्षात ठेवून ऐकलंत तर बिघडत काही नाही. दुसरा संच आडाम फिशर यांचा. तो आयझेनश्टाटच्या एस्टरहाझी वाड्यातच, हायडनच्या नावाच्या दिवाणखान्यात, १९८७पासून २००१पर्यंत टप्प्याटप्प्याने केलेला.

जुन्या वाद्यांवर ऐकायचं तर जोव्हान्नी आंतोनीनी बघा. हायडनच्या जन्माला २०३२मध्ये तीनशे वर्षं होतील, तोपर्यंत सगळ्या सिंफन्या पुऱ्या करायच्या असा त्यांचा बेत आहे. आतड्याच्या तारा, कळा नसलेले हॉर्न, लहान ताफा. आवाज खरखरीत, पण शांततेच्या जागा धारदार येतात. मोठ्या आधुनिक ऑर्केस्ट्राचा घुमारा रेस्टमध्येही रेंगाळतो आणि हायडनचा रिकामा बार पुरता रिकामा होत नाही. त्यासाठी मी हल्ली जुन्या वाद्यांकडे झुकलो आहे. संथ भाग मात्र मला अजून दोरातींचेच आवडतात. मतं दोन्ही ठेवा, कुणी मीटर लावून मोजत नाही.

माझ्या सहा वर्षांच्या मुलाला कळलंय की एका सिंफनीचं नाव 'कोंबडी' आहे. रोज मागतो. खरंच आहे का अशी? आणि ही नावं हायडनने दिली का? – एक आई, नागपूर

आहे. ८३ क्रमांकाची, पॅरिससाठी लिहिलेल्या सहांपैकी एक. 'कोंबडी', 'अस्वल', 'घड्याळ', यांतली बहुतेक नावं नंतर लोकांनी चिकटवली. काही तर साफ चुकीची बसली आहेत. ९६ला 'चमत्कार' म्हणतात, कारण म्हणे ती वाजत असताना सभागृहातलं झुंबर कोसळलं आणि लोक पुढे मंचाजवळ गर्दी करून उभे असल्याने वाचले. झुंबर कोसळलं ते १७९५मध्ये, १०२च्या कार्यक्रमात. नाव मात्र ९६लाच राहिलं.

'कोंबडी'ची सुरुवात चांगलीच रागीट आहे, मुलगा म्हणेल ही ती नव्हेच. मिनिटभर दम धरायला सांगा. पहिला आवेश ओसरला की व्हायोलिनं एक लाडिक धून काढतात आणि तिच्यावर ओबो एकच स्वर टोचत राहतो, टुक-टु-टुक, टुक-टु-टुक. त्याला ती ओळखता आली की मग तिच्या आधीच्या क्रमांकाचं 'अस्वल' लावा, ८२. ते शेवटच्या भागात आहे, आणि त्याचं गुरगुरणं डबल बेस आणि चेलो करतात.